चांगल्या डोळ्यावर पट्टी

एका डोळ्यानं कमी दिसणारं पोर घरी सांगत नाही आणि शाळेतही सांगत नाही. सांगणार तरी काय? त्याला जग पहिल्यापासून तसंच दिसतंय आणि सगळं काम दुसरा डोळा ओढून नेतोय. जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकच्या हद्दीजवळ, एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर मी शिकवते. आमच्या तिसरीतल्या एका मुलीचा डावा डोळा कसा सापडला आणि पुढं काय काय करावं लागलं, ते जरा सविस्तर लिहिते. माझ्यासारख्या आणखी कुणा बाईंना, गुरुजींना किंवा आईबापांना उपयोगी पडेल. मुलीचं खरं नाव लिहीत नाही, छकुली म्हणते.

छकुली वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी. घरी कानडी, शाळेत मराठी, तरी धडा घडाघडा वाचायची. मागच्या रांगेत बसून फळ्यावरचं बिनचूक उतरवून घ्यायची. डोळे तिरळे नाहीत, लाल नाहीत, डोकं दुखतं म्हणून कधी रडली नाही. 'नजर कमी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुस्तक नाकाशी धरणारं, डोळे बारीक करून फळा बघणारं पोर येतं. ती खूण खरीच आहे, लांबचं न दिसणारी मुलं त्यावरून ओळखू येतात. पण छकुलीसारखी मुलं अशा खुणांनी सापडत नाहीत. ती सापडायची तर एकेक डोळा वेगळा झाकूनच बघावं लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि अंगणवाडीत पथक वर्षातून दोनदा जातं. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता एवढी माणसं एका दिवसात वजन-उंचीपासून दात, कान, हृदय, त्वचा, डोळे असं सगळं बघतात. म्हणून डोळ्यांची पहिली तपासणी आम्ही पथक यायच्या आधीच करून ठेवतो. त्यासाठी इंग्रजी ई अक्षराचं कार्ड मिळतं. ई कधी उजवीकडं तोंड करून, कधी वर, कधी खाली, कधी डावीकडं. पोरानं नुसता हात त्या दिशेला करायचा. अक्षरओळख नसलेल्या पहिलीच्या पोरालाही हे जमतं.

ऐकायला सोपं आहे, पण करताना बारकावे पुष्कळ. अंतर सहा मीटर, म्हणजे वीस फूट लागतं. आमच्या वर्गखोलीत तेवढी जागा तिरकी धरली तरच मिळते, म्हणून आम्ही व्हरांड्यात टेपनं मोजून खडूची रेघ मारतो. कार्डावर उजेड पडला पाहिजे, पोराच्या डोळ्यांवर नाही. डोळा बोटांनी झाकला की फटीतून बघतात. तळवा दाबून धरला तर हात काढल्यावर त्या डोळ्याला थोडा वेळ अंधुक दिसतं आणि तपासणी चुकते. तळवा ओंजळीसारखा पोकळ धरायला शिकवावा लागतो, किंवा जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा तुकडा द्यायचा. आणि रांगेतली मागची पोरं पुढच्याचं बघून दिशा पाठ करतात. म्हणून दर पोराला कार्ड फिरवायचं, आणि बाकीच्यांना वर्गात बसवायचं.

छकुलीचा डावा डोळा झाकला. उजव्यानं सगळ्या दिशा बरोबर. मग उजवा झाकायला सांगितला तर तिची मान वाकडी व्हायला लागली, पुठ्ठ्याच्या कडेवरून बघायची धडपड.

"मान सरळ ठेव गं."

"बाई, पुठ्ठा काढू? ह्यो लावला की दिसत न्हाई."

"पहिल्यापासून दिसत नाही?"

"सगळ्यांचं तसंच असतंय न्हवं?"

ती अगदी सहज बोलली. एका डोळ्यानं दिसतं आणि दुसरा जोडीला असतो, असं तिनं मनाशी धरलेलं होतं. मी कार्ड घेऊन तिच्याकडं चालत गेले. निम्म्याच्याही आत आले तेव्हा कुठं तिचा हात बरोबर दिशेला वळला. पथक आलं, डॉक्टरांनी पुन्हा बघितलं आणि मोठ्या दवाखान्यात दाखवायची संदर्भचिठ्ठी दिली.

त्या दिवशी चिठ्ठी मिळालेल्यांत चौथीतला एक मुलगाही होता. त्याची गोष्ट वेगळी, पण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. उन्हाळा लागला की त्याच्या डोळ्यांना खाज सुटायची. चोळून चोळून पांढऱ्या भागावर मातकट छटा आलेली, सकाळी कोपऱ्यांतून दोऱ्यासारखी चिकट घाण निघायची. ही ॲलर्जी. आमच्या धुळीत आणि उन्हात अशी मुलं दर शाळेत सापडतील. त्याच्या आईनं कधीकाळी कुणीतरी लिहून दिलेले थेंब मेडिकलमधून तेच ते आणून कितीतरी महिने घातले होते. थेंब घातले की खाज लगेच थांबते, आईला बरं वाटतं. पण त्यात स्टिरॉइड होतं. असे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, कोवळ्या वयात मोतीबिंदूसुद्धा होतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. पथकातल्या डॉक्टरबाईंनी रिकामी बाटली आईकडून मागून घेतली आणि तिला समोर बसवून समजावलं. सुदैवानं दाब वाढलेला नव्हता. आता त्याला दुसरे थेंब आहेत, डोक्यावर टोपी आहे, आणि खाज आली की चोळायचं नाही, गार पाण्याची पट्टी ठेवायची.

छकुलीकडं वळते. चिठ्ठी घेऊन घरी गेले तर तिचा बाप म्हणाला, "दुसऱ्या डोळ्यानं चांगलं दिसतंय की. शिकतीया बी चांगली." आई काही बोलेना, मागाहून चुलीपाशी हळूच म्हणाली, "बाई, चष्मा लागला तर पुढं पोरीचं कसं व्हायचं?" ती भीती मला खोटी वाटत नाही. चष्मेवाल्या मुलीच्या लग्नाला लोक खोड काढतात, हे तिनं आजूबाजूला बघितलेलं आहे. मी एवढंच विचारलं, "आणि उद्या ह्या चांगल्या डोळ्याला काही झालं तर?"

त्यावर बाप गप्प झाला. नवराबायको ऊसतोडीला जातात. उसाचं पातं डोळ्याला लागणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पात्याची कड बुबुळ चिरते, जखमेत बुरशी धरते आणि वेळेत औषध मिळालं नाही तर बुबुळावर कायमचं फूल पडतं. त्यांच्या टोळीतल्या एका माणसाचा डोळा असाच गेलेला. बराच वेळ तो अंगणात बघत बसला आणि मग म्हणाला, "अज्जीला संगं न्या."

अज्जी म्हणजे छकुलीची आजी. आधी आम्ही तालुक्याच्या ठिकाणी दाखवलं. एकदा खिडकीवर कळलं की डोळ्यांचे साहेब शिबिराला गेलेत, अमुक वारी या. मला ते परवडतं, माझा पगार चालू असतो. पण रोजगारावरच्या बाईचा एक दिवस असा फुकट गेला की ती पुन्हा येत नाही आणि पोराचं सगळं तिथंच थांबतं. तपासणाऱ्या माणसाचा वार आणि वेळ त्या चिठ्ठीवरच लिहून दिली तर किती घरं वाचतील! तिथून पुढं मिरजेला पाठवलं. मिरज म्हणजे आमच्याकडं दवाखान्याचं गाव. वानलेस साहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं येतात. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, छकुलीचंही अर्धं, त्यामुळं भाड्याचा बोजा तेवढा झाला नाही. पहाटेची गाडी धरायची आणि रात्री परतायचं.

मिरजेत तिच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा पुन्हा. लहान मुलांचा नंबर असाच काढावा लागतो. मुलांच्या डोळ्यातलं भिंग फुगवून धरायची ताकद एवढी असते की साध्या तपासणीत खरा नंबर लपून राहतो. थेंबांनी ती ताकद थोडा वेळ सैल पडते. ज्यांना मुलाला न्यायचं आहे त्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं : थेंब झोंबतात, त्यानंतर पोराला जवळचं वाचता येत नाही, ऊन सोसत नाही. टोपी किंवा ओढणी बरोबर असू द्यावी, आणि त्या दिवशी अभ्यासाची अपेक्षा धरू नये.

उजव्या डोळ्याचा नंबर अगदी थोडा निघाला. डाव्याचा अधिक साडेचार (+४.५). पुरा नंबर लावूनही डाव्यानं ६/२४ च्या ओळीपर्यंतच वाचलं. म्हणजे धड नजरेचं माणूस जे चोवीस मीटरवरून वाचतं ते तिला सहा मीटरवर आल्यावर दिसत होतं. डॉक्टरांनी आतला पडदा बघितला, तो निरोगी होता. ह्याला आळशी डोळा म्हणतात. पण आळस डोळ्याचा नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला की मेंदूकडं एक चित्र स्वच्छ आणि एक अंधुक जातं. मेंदू स्वच्छ चित्र घेतो आणि अंधुक सोडून देतो. लहानपणी वर्षानुवर्षं असं झालं की त्या डोळ्याकडून बघायला मेंदू शिकतच नाही. मग मोठेपणी कितीही चांगला चष्मा लावा, नजर पुरी यायची नाही.

मी हे अज्जीला माझ्या परीनं सांगत होते तर तिनंच मला थांबवलं. "कळलं. जोडीतला एक बैल वढतोय म्हणून दुसरा नुसता चालतोय."

उपाय दोन टप्प्यांत होता. आधी चष्मा, झोपेची वेळ सोडून पूर्ण दिवस. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि मग पट्टी.

शासनाच्या योजनेतून गरीब मुलांना चष्मा फुकट मिळतो, पण तो यायला वेळ लागतो. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी पैसे दिले म्हणून आम्ही थांबलो नाही. पण चष्मा हातात आला म्हणजे काम झालं असं कुणी समजू नये. फ्रेम जरा मोठी होती. डाव्या बाजूची काच जाड आणि जड, त्यामुळं चष्मा त्या बाजूला कलायचा आणि नाकावरून घसरायचा. छकुली मान खाली घालून काचेच्या वरून बघायची, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखाच. जतच्या चष्मेवाल्यानं काड्या गरम करून कानामागं वळवून दिल्या, नाकाच्या गाद्या बदलल्या, मागं इलॅस्टिकची दोरी लावली. तेव्हा काच बाहुलीसमोर आली. घरी आणखी एक अडचण : आई चष्मा कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवायची, फुटू नये म्हणून. शाळेला जाताना लावायचा, आल्यावर ट्रंकेत. एवढ्या किमतीची वस्तू जपणं हीच त्या घराची रीत. ती मोडायला मला दोनतीनदा जावं लागलं.

काही आठवड्यांनी नुसत्या चष्म्यावरच डावा डोळा ६/१८ पर्यंत आला. मग पट्टी सुरू झाली, रोज दोन तास, उजव्या डोळ्यावर. इथं अज्जी पहिल्यांदा बिथरली. "चांगला डोळा झाकून पोरीला आंधळी करताय व्हय?" बैलाची उपमा देणारी हीच बाई, पण नातीच्या चांगल्या डोळ्यावर पांढरी पट्टी बघितल्यावर तिच्या पोटात कालवलं. मला त्याचा राग आला नाही. पट्टी चांगल्या डोळ्यावरच का, हे मी तिला पुन्हा बसून सांगितलं : ओढणारा बैल सोडला तरच दुसऱ्याला जू जाणवेल.

घरी दोन तास पट्टी राहीना, म्हणून मी ते काम शाळेत घेतलं. मधली सुट्टी संपली की पट्टी. पट्टी थेट कातडीवर चिकटवायची आणि वर चष्मा घालायचा. नुसत्या चष्म्याच्या काचेला कागद लावला तर पोर कडेनं बघतं. तयार पट्ट्या महाग पडतात, तेव्हा डॉक्टरांना विचारून गॉझची घडी आणि मायक्रोपोरची कागदी चिकटपट्टी वापरली. घाम आला की कडा सुटतात, गाल लाल होतो. रोज चिकटवायची दिशा थोडी बदलायची, काढताना पाण्यानं ओली करून हळू काढायची.

पहिले काही दिवस फार कठीण गेले. वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी पट्टी बांधून धडा वाचायला बसली आणि अडखळायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाटीवर एकच अक्षर काढलं, 'म'. ते तिनं लगेच वाचलं. 'मगर' लिहिलं तर चाचपडली. अक्षरं ओळीत एकमेकांना खेटून आली की आळशी डोळ्याला ती वेगळी करता येत नाहीत, सुटी असली की येतात. हे मला डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर खरं कळलं. मग मी तिच्यासाठी मोकळ्या मोकळ्या अक्षरांचे कागद लिहिले आणि आठवड्यागणिक अक्षरांमधली जागा कमी करत नेली. वाचून कंटाळली की सुई-दोऱ्यात मणी ओवायचे. सुरुवातीला दोरा नेढ्याच्या शेजारून निघून जायचा. ती ओठ चावून पुन्हा टोक ओलं करायची, पुन्हा धरायची. डोळ्याला काहीतरी काम मिळालं पाहिजे. पट्टी लावून नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

पोरं हसली, 'काणी' म्हणाली. मी रागावले नाही. सगळ्या वर्गाला रुमालानं एक डोळा बांधायला लावला आणि समोरून चेंडू टाकले. बहुतेकांचे झेल सुटले. मग सुईत दोरा घालायला लावला. एकाच डोळ्यानं जवळ-लांब नीट कळत नाही, हे त्यांना हातानं समजलं. त्यानंतर पट्टीची वेळ झाली की पोरंच आठवण करायला लागली. तिच्या शेजारी बसणारी मुलगी तर कडेनं बघते का यावर पहारा ठेवायची.

दिवाळीच्या सुमाराला खरी कसोटी आली. टोळी कारखान्यावर निघाली. दरवर्षी छकुली आईबापांबरोबर फडावर जायची आणि मार्च-एप्रिलपर्यंत शाळा बुडायची. ह्या वेळी गेली असती तर पट्टी दोन दिवसांत सुटली असती. फडावर पहाटे कोण बघणार, आणि पाचटाच्या धुळीत पट्टी टिकणार कशी? तिला ठेवून जायचं आईच्या जिवावर आलं होतं. शेवटी अज्जीनंच सांगितलं, "राहू द्या. मी लावीन." सुट्टीच्या दिवशी ती शेरडं सोडल्यावर पट्टी लावायची आणि जतची एसटी आल्यावर काढायची. घड्याळ तिला वाचता येत नाही, पण दोन तास चुकले नाहीत. बाप फडावरून रात्री फोन करायचा आणि पहिला प्रश्न पट्टीचाच असायचा.

अधूनमधून मिरजेला दाखवावं लागतं, ते टाळू नये. प्रत्येक वेळी डॉक्टर उजवा डोळाही तपासतात, कारण झाकून झाकून चांगल्याची नजर कमी झाली तर तेही वेळेत कळलं पाहिजे. ज्या मुलांना पट्टी अजिबात सोसत नाही त्यांच्या चांगल्या डोळ्यात थेंब घालून तो तात्पुरता अंधुक करण्याचाही उपाय असतो. तो निर्णय डॉक्टरांचाच. छकुलीचा डावा डोळा उन्हाळ्यापर्यंत ६/९ च्या ओळीवर आला.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. तिसरी म्हणजे उशीरच होता. सातआठ वर्षांच्या आत सापडलं तर डोळा लवकर सुधारतो. नंतरही सुधारतो, पण वेळ लागतो आणि कधी अपुराच राहतो. म्हणून एकेक डोळा झाकून बघायचं काम अंगणवाडीत आणि पहिलीच्या दाखल्याच्या वेळीच झालं पाहिजे. आणि वर पाठवायच्या तक्त्यात किती मुलं तपासली, किती संदर्भित केली हे रकाने असतात. त्यातल्या किती मुलांच्या डोळ्यांवर आज चष्मा आहे, हा रकाना मला हवा आहे. मी माझ्या वहीत तो आखला आहे आणि दर सोमवारी भरते.

त्याच वहीत आता चुन्याचीही नोंद आहे. आमच्याकडं घराघरात तंबाखूबरोबर चुन्याची ट्यूब असते, ती दाबून खेळताना शेजारच्या वस्तीवरच्या एका पोराच्या डोळ्यात चुना उडाला. चुना डोळ्यात आत आत जाळत जातो. अशा वेळी तूप, मध, दूध काही घालू नये. तिथल्या तिथं स्वच्छ पाण्यानं निदान अर्धा तास धुवावं, पापणी उलटून अडकलेले कण काढावेत आणि मग गाडी बघावी. हे मी पालकसभेत दर वेळी सांगते.

छकुलीची पट्टी सध्या रोज तासाभराची आहे. एकदम बंद केली तर नजर पुन्हा घसरते, म्हणून हळूहळू कमी करायची आहे. तिच्या अंगणवाडीतल्या धाकट्या भावाचेही दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घेतले, कारण असे नंबर घराण्यात चालतात. आज त्याचे ठीक आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा बघायचे. छकुलीचा चेहरा वाढलाय आणि चष्म्याच्या काड्या आता आखूड पडतात. जूनमध्ये मिरजेला जाऊ तेव्हा नवा नंबर काढून फ्रेम बदलायची आहे. रंग तिनं आत्ताच ठरवलाय, निळा.